बांधावरचं ढेकूळ

"हीच ना गो ती?"

"कंची?"

"सायबाची पोर. बांधावर ढेकूल ठेवलेली. मापून दे हिला. वर मूठ टाकू नको."

मी सोडे निवडायला खाली वाकले होते. मान वर केली नाही. पनवेलच्या मासळीबाजाराच्या तोंडाशी वैशाखाचं ऊन पाठीवर घेत तशीच वाकून राहिले. बोलणाऱ्या दोघींपैकी एकीलाही मी ओळखत नव्हते. त्या मला ओळखत होत्या. पुढ्यातल्या बाईने माप भरलं, वर आलेला ढीग तळहाताच्या कडेने सपाट पुसून काढला आणि सोडे कागदात ओतले. पुडी बांधून दिली. उद्धटपणा नाही, राग नाही. वरची मूठ तेवढी पडली नाही.

ती मूठ काय असते, हे इथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. मापाचं झालं की बाई टोपलीत पुन्हा हात घालते आणि तुमच्याकडे न बघता मूठभर वर टाकते. त्या मुठीचे पैसे नसतात. ती ओळखीची असते.

वैशाख पुन्हा आला आहे. पावसाळ्याची सुकी मासळी घराघरात डब्यांतून भरली जाते आहे. खाडीच्या अंगाला मिठाच्या राशी उभ्या आहेत आणि दुपारी वारा फिरला की ओठांवर खारटपणा बसतो. रस्त्यावर ताडगोळेवाली बसते. तिचा कोयता ओल्या फडक्यावर ठेवलेला असतो. सगळं गेल्या वैशाखासारखंच आहे. मी दुपारी खिडकीशी बसते आणि तो वारा आला की खिडकी लावून घेते. आई म्हणते, "अगं, एवढा एकच तर गार वारा."  तो खाडीकाठच्या खाजणावरून, खारट शेतजमिनीवरून येतो, एवढं मला माहीत असतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी परीक्षा देऊन मुंबईच्या वसतिगृहातून घरी आले होते. बाबांची बदली इथे होऊन वर्ष झालं होतं. गावाचा कारभार त्यांच्याकडे होता. सोप्या भाषेत सांगायचं तर गावातलं जे काही तुंबेल, फुटेल, आटेल किंवा कोसळेल, त्याचा जाब बाबांनी द्यायचा. आणि पनवेल तेव्हा चहूकडून फुगत होतं. रेल्वे नुकतीच आली होती. हमरस्त्याच्या कडेला कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. ज्या घरात एक कुटुंब राहायचं, त्याच्या पडवीत दुसरं आणि माडीवर तिसरं आलं होतं. नळ मात्र होते तेवढेच. पहाटे नळावरच्या भांड्यांचा आवाज आमच्या बंगलीपर्यंत यायचा. पितळेवर पितळ आपटल्याचा, आणि मग बायकांचा.

बाबा त्या आवाजाने उठत. चहा घेऊन, छत्री घेऊन बाहेर पडत. पाऊस नसताना छत्री कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं तेव्हा कळलं. छत्रीच्या टोकाने ते धुळीत आखत चालत. इथून गटार जाईल. इथे मोरी. इथे हातगाड्या मागे सरकवायच्या. लोक भोवती जमत, वाद घालत, आणि बाबा धुळीत दुसरी रेघ ओढत. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. कुणीतरी घरी आंब्याची पाटी आणून ठेवली, तर ती त्याच पावली परत जायची. एकदा मी त्यातला एक आंबा हातात घेऊन नुसता हुंगला होता. बाबा म्हणाले, "शालू, ठेव तो." मी ठेवला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. आपले बाबा असे आहेत, असं मी त्या रात्री वसतिगृहातल्या मैत्रिणीला लिहिलंसुद्धा.

मी फार बोलत नाही. लहानपणापासून नाही. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत. घरी आलं की आईला इंग्रजी कळत नसे. त्यामुळे बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायची सवय लागली, आणि तपासेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. चांगुणाबाय निघून जात नसे. ती खाडीकडच्या वाडीतली. आठवड्यातून दोनदा मागच्या दारी मीठ आणि सुकट घेऊन यायची, पायरीवर टोपली उतरवायची आणि पदराने वारा घेत बसून राहायची. मला वाक्य सापडेपर्यंत ती थांबे. सापडलं नाही तर स्वतःच बोले.

"काय गो बाय, दिसभर पुस्तकात काय बगतंस? डोल्यांना मुंग्या नाय येत?"

"सवय आहे."

"माज्या पोराला धाडतंय तुज्याकरं. त्याला येतान मुंग्या. पाटी बगली का लगेच."

हसताना तिचं अख्खं अंग हलायचं आणि बांगड्या वाजायच्या. मीही हसायचे. आई आतून डोकावून बघायची, कारण माझा हसण्याचा आवाज तिला नवा होता. आणि बाबाही एकदा कचेरीतून जेवायला येताना मागच्या दाराशी क्षणभर थांबले होते. आमच्या दोघींकडे पाहत होते. तेव्हा मला वाटलं, कौतुकाने पाहताहेत. कौतुकही असेलच त्यात. त्या वेळचं त्यांचं तोंड मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. अजून मला ते नीट वाचता येत नाही.

एका सकाळी चांगुणाबायने टोपली उतरवली पण झाकण उघडलं नाही.

"बाय, एक इचारू? तुजा बापूस उघाडी बुजवनार हाय काय गो?"

वाडीची शेती खाजणात. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध, आणि बांधात एक लाकडी दार. ती उघाडी. भरती आली की खाडीच्या पाण्याने दार आपोआप मिटतं, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं. वाडीचा भात त्या दारावर पिकतो. आणि बाबांच्या कचेरीने खाडीच्या अंगाला नवी वसाहत आखली होती. तिकडे जाणारा रस्ता बरोबर उघाडीवरून जात होता. कुणाला हरकत असेल तर अमुक मुदतीत कळवावी, अशी दवंडी वाडीत फिरली होती. वाडीतली माणसं कचेरीवर मोर्चा न्यायच्या गोष्टी करत होती.

मी जेवताना बाबांना विचारलं. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "कोण विचारत होतं?" मी सांगितलं. त्यांनी वाटी पुन्हा उचलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यांनी आपण होऊन मला गॅलरीत बोलावलं. "वाडीत बांधाचं काम चाललंय म्हणे. बघून ये. तुला आवडेल."

जी मुलगी टपालपेटीपर्यंतसुद्धा एकटी जात नसे, तिला हे सांगितलं जात होतं. मला फार आनंद झाला.

"आणि तिने विचारलं होतं ना," चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "सांग तिला, उघाडीला हात लागणार नाही." मग कप बशीत ठेवताना, "तिलाच असं नाही. असतील त्या सगळ्यांना सांग."

ते वाक्य मी वाडीपर्यंतच्या वाटेवर म्हणत गेले. एकदा, दोनदा, पुन्हा. चांगुणाबाय पुढे चालत होती. दोन्ही बाजूंना मिठागरं होती, त्यांच्या पाण्यात ऊन फुटत होतं. वाक्य सोपं होतं आणि खरं होतं, म्हणून ते मला घोकावंसं वाटत होतं. अनोळखी माणसांसमोर मराठीत बोलायचं, आणि तेही आनंदाची बातमी.

पावसाळ्याआधी वाडीतल्या घराघरातून एकेक माणूस बांधावर येतो. ओहोटीला खाडीच्या तळातला चिखल कापायचा, त्याची ढेकळं करायची आणि हातोहात वर द्यायची. वर बाया ती पायांनी बसवतात. मी पोचले तेव्हा ती साखळी चालू होती. काळाकुळकुळीत ओला चिखल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होता, आणि त्याबरोबर थट्टाही.

"अगो, सायबाची पोर आली! चपला हातात घेतल्यान बगा."

"पोरी, इंग्रजीत चिखलाला काय बोलतान?"

"मड," मी म्हणाले.

"मरां? सकालच्या पारी मरां बांधावर ठेवतंस?" माझ्या 'मड'चं मडं झालं, प्रेत, आणि सगळी साखळी हसली. एकाच्या हातातून ढेकूळ निसटून खाली गेलं, त्यावरून त्याला आणखी बोलणी बसली.

उघाडीशी पदाजीबाबा उभे होते. चांगुणाबायचे चुलतसासरे. दाराची देखभाल त्यांच्याकडे होती. चांगुणाबायने मला त्यांच्यापुढे ढकललं. "बोल. जे मला बोललीस ते यांना बोल."

घोकलेलं वाक्य मी घाईघाईने म्हणून टाकलं. इतकी गडबडले होते. "बाबांनी सांगितलंय, उघाडीला हात लागणार नाही."

हसणं थांबलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. पदाजीबाबा माझ्याकडे वळले.

"तुजा बापूस बोलला?"

"हो."

"त्याच्या तोंडान?"

"हो. त्यांनीच सांगायला सांगितलंय."

त्यांनी साखळीतलं एक ढेकूळ उचललं आणि माझ्या हातात दिलं. "मंग ठेव."

ते जड होतं, आणि वर ऊन असून आतून थंडगार. मला वाटलं, पाहुणीची हौस म्हणून देताहेत. मी ते बांधावर ठेवलं. पदाजीबाबांनी त्यावर आपली टाच दाबली. साखळी पुन्हा सुरू झाली तेव्हा हात मोकळे झाले होते. एका म्हातारीने मला ओंजळभर करवंदं दिली. चिखलाच्या हातांनीच मी ती खाल्ली. इतक्या माणसांत बसून, कुणी बघतंय याची भीती न बाळगता, मी आयुष्यात पहिल्यांदा काही खाल्लं असेन.

परतताना चांगुणाबायने सांगितलं. "आता तुजा पन वाटा हाय बांधात. ढेकूल ठेवलं त्यानं बांध फोरायचा नाय. कोनाला फोरू द्यायचा नाय. आमच्यात कागद नाय गो, हाच कागद."

घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं. कधी नव्हे ती मी एका दमात बोलत होते. ते हसले. "वा! म्हणजे आपणही वाडीकर झालो." मग त्यांनी विचारलं, "सगळे होते का तिथे?"

"सगळे होते," मी म्हणाले.

मोर्चा निघाला नाही. हरकत आली नाही. मुदत संपली. आणि जेमतेम आठवडा गेला असेल, मुरमाने भरलेले ट्रक आमच्या बंगलीवरून खाडीकडे जाऊ लागले. धुळीने आईची वाळत घातलेली कुरडई लाल झाली. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसले होते. हे ट्रक कुठले, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. इतका माझा विश्वास होता.

चांगुणाबाय टोपली न घेता आली. "चल," एवढंच म्हणाली. मी गेले. उघाडीच्या जागी लाल मुरमाचा ढीग होता. लाकडी दाराची वरची फळी तेवढी बाहेर दिसत होती, आणि एक ट्रक मागे मागे येत होता. पदाजीबाबा लांब बांधावर बसले होते. ते उठले नाहीत. माझ्याकडे त्यांनी पाहिलं असेल किंवा नसेल. मला बघवलं नाही.

रात्री जेवताना मी बाबांना म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात."

त्यांनी टाळलं नाही. हे मला त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, जसं धुळीत रेघ ओढून लोकांना सांगत तसं. गावात माणसं मावत नाहीत. पटकीची साथ आली तर या गल्ल्यांतून प्रेतं काढायला जागा नाही. वसाहत पाहिजे, वसाहतीला रस्ता पाहिजे. हरकत आली असती तर काम दोन पावसाळे अडलं असतं. मोर्चा आला असता तर पोलीस आले असते, चार डोकी फुटली असती. "मुदत शांतपणे जायला हवी होती. शेतातलं पाणी जायला रस्त्याखालून पाइप टाकतोय ना आपण. तुझ्यामुळे कुणाचं डोकं फुटलं नाही, हे लक्षात घे."

"मग हे तुम्ही स्वतः का नाही सांगितलंत त्यांना?"

"माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता," बाबा म्हणाले आणि ताक मागितलं.

मी ताक वाढलं. वाक्य तपासत राहिले. अजूनही कधी भाजी निवडताना, कधी केस विंचरताना त्या वाक्याला मी उत्तर शोधत असते. फुकटचा आंबा घरात ठेवला नाही ज्या माणसाने, त्याने वाडीचा माझ्यावरचा विश्वास बिनदिक्कत उचलला, वापरला आणि हात पुसले. त्याला ती लाच वाटली नाही, चोरी वाटली नाही. तो कारभार होता. आणि बाबा मला कधी ओरडले नव्हते, कधी काही नाकारलं नव्हतं. फसवणूक मायेच्या आवाजातच केलेली असली की ती नेमकी कुठे सुरू झाली तेच कळत नाही. गॅलरीत बोलावलं तेव्हा? की मागच्या दाराशी उभे राहून आम्हाला हसताना पाहिलं तेव्हाच?

पाइप पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात गाळाने बुजला. श्रावणात आम्ही पाहुण्यांना सोडायला मोटारीने निघालो, तेव्हा खाजण दिसलं. भाताची हिरवी रेघ कुठे नव्हती. नुसतं तपकिरी पाणी, त्यात आभाळ. बाबांनी काच वर केली. त्या दिवसापासून कुजक्या रोपांचा वास मला ओळखता येतो. चांगुणाबाय मागच्या दारी पुन्हा आली नाही. आई दुसऱ्या बाईकडून मीठ घेऊ लागली. ती बाई पायरीवर बसत नसे.

या वर्षी वाडीने वर अर्ज केला. पाऊस सुरू होण्याआधी रस्ता खणून उघाडी पुन्हा बसवा, नाहीतर दुसरंही पीक जाईल आणि मग वाडी उठेल, असं त्यांचं म्हणणं. काहींनी जासईच्या मिठागरांवर मजुरीला जायला सुरुवात केलीच होती. प्रांतसाहेब स्वतः जागेवर येऊन निकाल देणार, हे बाबांनी आईला सांगितलं ते मी ऐकलं. मासळीबाजारातल्या त्या दोघी भेटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट.

ठरलेल्या दिवशी मी कुणाला न विचारता गेले. मिठागरांमधल्या वाटेने, एकटी. पोचले तेव्हा बांधावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर प्रांतसाहेब, दुसरीवर बाबा. समोर वाडी जमिनीवर बसलेली. मी बायकांच्या मागे उभी राहिले. चांगुणाबायने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

"मला एकच सांगा," प्रांतसाहेब पदाजीबाबांना म्हणत होते. "गेल्या वर्षी हरकती मागवल्या होत्या. दवंडी दिली होती. तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? तेव्हा बोलला नाहीत आणि आता रस्ता झाल्यावर खणा म्हणता. हे मी वर काय म्हणून लिहू?"

"शबूद व्हता, सायेब."

"कुणाचा?"

पदाजीबाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी आलेलं त्यांनी पाहिलं होतं, तरी नाही. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"कचेरीने कुणालाही शब्द दिलेला नाही," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, न चढलेला. "लेखी काही असेल तर दाखवावं."

"लेखी नाय. ढेकूल हाय."

प्रांतसाहेबांचा कारकून हसला. बाबाही हसले, अगदी थोडंसं. "माझी मुलगी बांध बघायला आली होती. वय लहान, यांच्या बायकांशी गप्पा मारायची. बोलली असेल काहीतरी."

बायकांमध्ये एक कुजबूज झाली आणि विरली. मी पुढे कशी आले ते मला आठवत नाही. बसलेल्या बायकांमधून वाट काढताना कुणाच्या तरी बोटांवर माझा पाय पडला, आणि ती बाई ओरडली नाही, हे आठवतं. बाबांनी मला पाहिलं. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली, आणि मला त्यांची दया आली. तशीच परत फिरावंसं वाटलं.

मग ते वाडीला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाले, "शालू, गो होम. धिस इज नॉट युवर बिझनेस."

मी प्रांतसाहेबांकडे वळले. या वेळी वाक्य तपासलं नाही. मराठीत, शेवटी बसलेल्या म्हातारीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मुदत संपेपर्यंत यांनी हरकत घेऊ नये, म्हणून बाबांनी मला इथे पाठवलं होतं."